बोलत्या डब्याची विनीता

आंधळ्याच्या गायी देव राखतो, अशी आपल्यात म्हण आहे. ती ज्याने केली त्याच्याकडे गायीही असणार आणि डोळेही. विनीता तोडणकरकडे दोन्ही नव्हतं. तिच्याकडे मच्छीमार सोसायटीच्या वायरलेस खोलीतली एक लाकडी खुर्ची होती, आणि ती तिने स्वतः सोळा वर्षं राखली. देव त्या वेळी काय करत होता ते आमच्या बंदरावर कुणाला ठाऊक नाही.

बंदर मालवणपासून दोन खाड्या पलीकडे. जेटी, जेटीवर बर्फाचा कारखाना, त्याला पाठ लावून सोसायटीची कचेरी आणि कचेरीच्या टोकाला ती खोली. सकाळी सहाला आणि संध्याकाळी साडेपाचला संगणकावर हवामानाचा संदेश येई. विनीता तो कानांनी वाची आणि बाहेर असलेल्या ट्रॉलरांना वायरलेसवरून मालवणीत सांगे. वारा कुठून येतोय, किती जोराचा, दर्या कसा राहील, बाहेर थांबावं की मागे फिरावं. कोण कोण बाहेर आहे आणि कुणी काय उत्तर दिलं याची नोंद ती लगेच संगणकात टाईप करी. साठेक ट्रॉलर होते, आणि प्रत्येकावरच्या तांडेलाला, म्हणजे कप्तानाला, तिचा आवाज ओळखीचा होता. बायलेचा नाय ऐकला तरी चलात, विनीताचा ऐकूक व्हया, असं खलाशी चेष्टेत म्हणत आणि तसंच वागतही.

ती जन्मांध नव्हती. सहाव्या वर्षी तिला गोवर आला. गोवर म्हणजे देवी आली, तिला औषध चालत नाही, म्हणून वाडीतल्या चार शहाण्यांनी औषध देऊ दिलं नाही. डोळे लाल झाले तेव्हा त्याच शहाण्यांनी डोळ्यांत कसलासा पाला पिळला. आठव्या दिवशी पोरीने आईला विचारलं, अजून उजाडलं कसं नाही. बाप बाबू तोडणकर रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, जाणारा माणूस, तो दर्याकडे तोंड करून बसला. आई कृष्णाबाई मासे विकायची. लोक तिला म्हणाले, चेडवाला घरी ठेव, कोलंबी सोलायला होईल. कृष्णाबाईने कुणाचं ऐकलं नाही. तिने मुलीला मुंबईच्या अंधशाळेत नेऊन घातली आणि परत येताना अख्ख्या वाटेवर रडली. तिथे शाळा, टायपिंग आणि शेवटी संगणकाचा वर्ग एवढं करून विनीता बाविसाव्या वर्षी घरी आली. बरोबर एक प्रमाणपत्र होतं आणि एक लोखंडी डबा.

डबा विलायती. परदेशात कुणीतरी वापरून दिलेला, मुंबईच्या संस्थेने वापरून जुना केलेला, आणि शेवटी हुशार मुलगी म्हणून हिला दिलेला. त्याची एक पट्टी संगणकाच्या पोटात बसे. तिथून जाड वायर बाहेर येई, आणि बाहेरच्या डब्याला स्वतःची अठरा बटणं आणि स्वतःचा स्पीकर होता. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली की ती पट्टी थेट उचली आणि डबा बोले. अक्षर कुणी लिहिलं, कुठल्या प्रोग्रामने लिहिलं, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. संगणक अडकून पडला तरी डबा पडद्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवी. तो इंग्रजीच बोले आणि तेही नाकातून. कृष्णाबाईने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढली. मुलीची काढली की डब्याची, ते तिलाच माहीत.

सोसायटीत वायरलेसवर बसायला माणूस टिकत नव्हता, म्हणून हिला घेतलं. दयेने घेतलं असं पुढे सगळे सांगू लागले, पण तेव्हा गरज सोसायटीची होती. बंदरावर तिला नाव पडलं बोलत्या डब्याची विनीता. आमच्याकडची खारी हवा लोखंड खाते, तिला बिजागरी काय आणि विलायती प्लग काय, सारखंच. विनीता महिन्यातून एकदा प्लग काढी आणि रॉकेलच्या फडक्याने एकेक पीन चाचपून पुसे. त्या डब्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. अपवाद एकच, सत्यवान.

सत्यवान म्हणजे सोसायटीचा शिपाई, तिच्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठा. कागदावर आलेली पत्रं तो तिला वाचून दाखवी. सातवी शिकलेला, अक्षरावर बोट ठेवून आधी ओठांत पुटपुटे आणि मग मोठ्याने म्हणे. पावसात तिला घरापर्यंत सोडी. तिला तो दादा, त्याला ती धाकटी बहीण. या माणसाबद्दल वाईट लिहायची पाळी येईल असं कुणाला वाटलं नसतं.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. बंदरावरची हत्यारं म्हणजे ट्रॉलरचं इंजिन, जाळं ओढायचं यंत्र, बर्फ फोडायचा हातोडा आणि वायरलेसचा सेट. सत्यवान दर दसऱ्याला सगळ्यांना हळदकुंकू लावी, झेंडूचं फूल वाही आणि उंबऱ्यावर नारळ फोडी. बारा वर्षं डब्याच्या वाट्याला कुंकू आणि एक फूल आलं. तेराव्या वर्षी सत्यवानाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, माणूस आनंदात होता. त्याच्या मनात आलं की या खोलीत सगळ्यात थोर हत्यार कुठलं असेल तर ते ह्या पोरीला डोळे देणारं. म्हणून त्याने नारळ फोडला आणि आधी देवाला नव्हे, डब्याला पाणी घातलं. स्पीकरच्या जाळीतून ते आत गेलं. दुसऱ्या दिवशी विनीताने बटण दाबलं तेव्हा डबा खरखरला, जळका वास आला आणि तो गप्प झाला. सत्यवान दोन दिवस डबा उलटा करून कुंपणाच्या भिंतीवर उन्हात ठेवत होता आणि लहान पोरासारखा रडत होता. विनीता त्याच्यावर चिडली नाही. भक्तीने केलेल्या नुकसानीवर चिडायचं कसं ते आपल्याला शिकवलेलंच नसतं.

मुंबईच्या संस्थेने कळवलं की असले डबे आता कुणी बनवत नाही, दुरुस्तही करत नाही. तेव्हा ओंकार पुढे आला. ओंकार म्हणजे सोसायटीचे चेअरमन सुदेश यांचा भाचा. कोल्हापुरात सहा महिन्यांचा संगणकाचा कोर्स करून आलेला. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी त्याची बंदरावर शान होती. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की असले डबे म्हणजे बैलगाडी. आता बोलणारा संगणकाच्या आतच असतो, वेगळं यंत्र लागत नाही, वायर लागत नाही, आणि जगभर फुकट मिळतो. फुकट हा शब्द ऐकून सुदेशशेट खूश झाले. आठवड्याभरात नवा संगणक आला आणि त्यात ओंकारने स्क्रीन रीडर घालून दिला.

विनीताने नव्याला नावं ठेवली नाहीत हे सांगितलं पाहिजे. डब्यावर जीव होता म्हणून डबाच चांगला, असं म्हणणाऱ्यांतली ती नव्हती. नवा मराठी बोलत होता. यंत्राच्या तोंडून वारा हा शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला आणि तीच ओळ चार वेळा वाचायला लावली. रोजचा पेपर ती स्वतः वाचू लागली. पस्तीस वर्षांच्या बाईला सकाळी दुसऱ्याआधी बातमी कळण्याचं सुख पहिल्यांदा मिळालं. नोंदीही ती आता मराठीत टाईप करू लागली.

पण दोघांच्या स्वभावातला फरक तिला महिन्याभरात कळला. डबा कुणाला विचारत नसे, पडद्यावरची अक्षरं तो स्वतः उचली. हा नवा दुसऱ्याच्या घरातला पाहुणा. तो प्रत्येक प्रोग्रामला विचारणार, बाबा रे, इथे काय आहे, आणि प्रोग्राम सांगेल तेवढंच हिला सांगणार. प्रोग्राम करणाऱ्याने बटणाला नाव दिलं नसेल तर हा म्हणे बटण. चित्राला नाव दिलं नसेल तर म्हणे चित्र. संगणक अडकला की हाही अडके. आणि त्याला ठेवायचं की काढायचं हे संगणकाच्या पासवर्डवर, म्हणजे ओंकारच्या हातात होतं.

दोन वर्षांनी सोसायटीने पुण्याच्या एका कंपनीकडून हवामानाचं नवं पॅकेज घेतलं. दिसायला देखणं. समुद्राचा नकाशा आणि त्यावर रंग. हिरवा म्हणजे बिनधास्त, पिवळा म्हणजे सांभाळून, नारिंगी म्हणजे मागे फिरा आणि लाल म्हणजे जेटी सोडू नका. मंडळींना रंग आवडले. दोन-दोन संदेश कशाला म्हणून जुना अक्षरांतला संदेश बंद करण्यात आला. पहिल्या सकाळी विनीताने कान लावला आणि स्क्रीन रीडर तिला म्हणाला, चित्र सेहेचाळीस. तिने पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, चित्र सेहेचाळीस.

तिने सोसायटीला एकामागोमाग तीन पत्रं लिहिली. मागणं मोठं नव्हतं. कंपनीला सांगा की चित्राला नाव द्या, रंगाचा एक शब्द लिहा, म्हणजे माझा स्क्रीन रीडर तो वाचेल. तासाभराचं काम. ओंकार म्हणाला की एका माणसासाठी कंपनी प्रोग्राम बदलत नसते. सुदेशशेटनी समजूतदार तोड काढली. सत्यवान दोन्ही वेळा पडदा बघून तिला रंग सांगेल. मात्र वायरलेसवर सत्यवान सांगतो असं म्हणायचं नाही, त्यात सोसायटीची शोभा होते, नुसता रंग सांगायचा. विनीताने ते मानलं. पण नोंदीत ती रोज तीन गोष्टी लिहू लागली, वेळ, रंग आणि सांगणाऱ्याचं नाव. पूर्वी दिवसाच्या नोंदी छापून फायलीत लागत. ओंकारने कागदाची नासाडी म्हणून तेही थांबवलं होतं, त्यामुळे नोंद राही ती फक्त त्या संगणकात.

वर्षभर हे चाललं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. पंधरा वर्षं स्वतःच्या कानांनी काम करणारी बाई आता दिवसातून दोनदा दुसऱ्याच्या डोळ्यांची वाट बघत बसे. सत्यवानाला चहाला उशीर झाला तर हिचा जीव टांगणीला.

दिवाळी होऊन चार-पाच दिवस झाले होते. सत्यवान नातवाच्या बारशाला बांद्याला गेला होता आणि जाताना ओंकारला सांगून गेला होता की संध्याकाळचा रंग तू सांग. त्या दिवशी दुपारी टीव्हीवर वादळाची बातमी आली म्हणून किनाऱ्यावरचे ट्रॉलर किनाऱ्यावरच थांबले. बाहेर होता तो एकटा प्रीतम हडकरचा. दोन दिवसांपासून खोल पाण्यात, तिथे फोन लागत नव्हता, त्याला जगाची खबर विनीताकडूनच मिळायची. विनीताच्या खोलीत टीव्ही नव्हता, आणि ती दुपारपासून बिघडलेल्या मायक्रोफोनची वायर जोडत बसली होती. साडेपाचला ओंकार आला. त्याची पावलं उंबऱ्यावर थांबली, मेजापर्यंत आली नाहीत, हे तिने ऐकलं.

"हिरवो," तो म्हणाला.

तिने विचारलं, पडद्यावर बघितलंस का. तो म्हणाला, मोबाईलवर बघितलं, तेच असतं. ती म्हणाली, इथे येऊन बघ. तो हसला आणि सांगतंय मां गो ताय, म्हणत टपरीकडे गेलाही.

इथे विनीताचा स्वतःचाही एक दोष सांगायला हवा, आणि तो तिने कधी लपवला नाही. दुपारपासून वाळूच्या पुळणीवरच्या लाटेचा आवाज बदललेला तिच्या कानांना कळत होता. दोन लाटांमधली शांतता वाढली होती. तिच्या बापाने तिला ही खूण शिकवली होती, अशी शांतता वाढली की बाहेर कुठेतरी दर्या उठलाय. पण तिने स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती, पडद्यावर असेल ते सांगायचं, मनातलं सांगायचं नाही. आंधळी बाई अंदाजाने बोलते असं म्हणायला तिला कुणाला जागा द्यायची नव्हती. तिने प्रीतमला हिरवा सांगितला. नोंदीत टाईप केलं, वेळ पाच चाळीस, रंग हिरवा, सांगणार ओंकार. मग नेहमीप्रमाणे ती ओळ वाचून घेतली आणि खोली बंद केली.

पडद्यावर लाल होता.

सकाळी प्रीतमचा ट्रॉलर खडकाळीवर उलटा सापडला. तो आणि दोन खलाशी पिंपांना धरून वाचले. चौथा सर्वेश, बावीस वर्षांचा, तिसऱ्या दिवशी दूरच्या पुळणीवर लागला. सर्वेश सुगंधाचा एकुलता एक. सुगंधा आणि कृष्णाबाई वीस वर्षं बाजारात शेजारी शेजारी टोपल्या लावून बसायच्या, एकीची मासळी संपली की दुसरीची विकून देणाऱ्या. विनीताच्या घरापासून दहा माडांवर तिचं घर.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सुगंधा विनीताच्या अंगणात आली. आरडाओरडा केला नाही.

"माझ्या झिलाक तू हिरवो सांगलंस," ती म्हणाली.

"माका ओंकारान सांगल्यान."

"ओंकार म्हणता, तेना लाल म्हणान सांगल्यान. आता खरा कोण?"

विनीता म्हणाली, नोंदीत आहे, त्याच मिनिटाला लिहिलेलं आहे, चौकशीला साहेब येणार आहेत, तुझ्यासमोर वाचून दाखवते. सुगंधा ऐकून माघारी गेली. त्या दिवसापासून विनीताला नोकरीचं काही वाटेनासं झालं. नोकरी जाणार हे तिला कळलंच होतं. सुदेशशेटनी सभेत सांगून टाकलं होतं की आंधळ्या माणसाच्या हाती वायरलेस दिला ही आपलीच चूक, आपण भावनेच्या भरात वाहवलो. चूक आपल्या पदरात घेण्याचा आव आणून दुसऱ्याच्या गळ्यात धोंडा बांधायची कला त्यांच्याकडे होती. विनीताला आता एकच हवं होतं. ती एक ओळ सुगंधाच्या कानावर पडावी.

पंधराव्या दिवशी जिल्ह्याहून चौकशीचे साहेब आले. खोलीत सुदेशशेट, ओंकार, सत्यवान, आणि दाराशी सुगंधा. विनीता आपल्या खुर्चीत बसली, संगणक सुरू केला, फाईल उघडायची बटणं बोटांनी दाबली आणि वाट बघत राहिली. आवाज आला नाही. ओंकार म्हणाला की संगणक हळू चालत होता म्हणून तो बोलणारा प्रोग्राम काढून टाकलाय. ती म्हणाली, परत टाका, पंधरा मिनिटांचं काम आहे. तो म्हणाला, वादळापासून नेट बंद आहे. साहेबांना अजून दोन बंदरं करायची होती. ते म्हणाले, बाई, तुम्ही काळजी करू नका, इथे वाचणारे आम्ही सगळे आहोत. पडद्याचं तोंड विनीताच्या मागच्या भिंतीकडे होतं. साहेब मेजाच्या पलीकडे, त्यांचा फॉर्म भरण्यात.

ओंकारने वाचलं. वेळ पाच चाळीस. रंग लाल सांगण्यात आला, ऐकण्यात चूक झाली असण्याची शक्यता.

"हे माझं वाक्य नाही," विनीता म्हणाली. "मी असं लिहिलेलं नाही, साहेब. सत्यवानदादाला वाचू दे."

साहेबांनी मान डोलावली असावी, कारण सत्यवान मेजाशी आला. त्याच्या सदऱ्याला विडीचा आणि घामाचा वास होता, तो तिच्या खांद्याजवळ वाकला. आणि तिने ऐकलं. सातवी शिकलेला तो माणूस नेहमीसारखा ओठांत पुटपुटत वाचत होता. हि-र-वा. सां-ग-णा-र. मग ओं, आणि तिथे ओठ थांबले. एवढं हळू की हातभर अंतरावर कुणाला ऐकू गेलं नसतं. तिला ऐकू गेलं. तिची ओळ जशीच्या तशी तिथे होती, कुणी खोडायचेही कष्ट घेतले नव्हते.

"दादा, मोठ्याने वाच," ती म्हणाली.

सत्यवान सरळ उभा राहिला. "ओंकार वाचतो तसंच आहे, साहेब."

डोळे असलेली चार माणसं त्या खोलीत होती. एकाने खोटं वाचलं, एकाने खोट्याला दुजोरा दिला, एकाने ऐकलं आणि एकाने लिहून घेतलं. दाराशी उभ्या सुगंधाला अक्षर येत नव्हतं. ती निघून गेली, तिच्या बांगड्यांचा आवाज पायऱ्या उतरेपर्यंत ऐकू येत होता. साहेबांनी जबाब पुढे सरकवला आणि सांगितलं, सही नसेल जमत तर अंगठा चालेल. मिनिटाला साठ शब्द टाईप करणाऱ्या बाईला त्यांनी शाईचं पॅड दिलं. विनीता म्हणाली, मी न वाचलेल्या कागदावर काहीच उठवणार नाही. त्यांनी खाली लिहिलं, सही करण्यास नकार.

सत्यवानाने असं का केलं, हे कोडं नाही. शिपायाची नोकरी, लग्न झालेल्या मुलीचं अडलं-नडलं, मुलगा शिकायचा, आणि चेअरमन सुदेशशेट. बंदरावर हे सगळ्यांना कळतं, आणि कळतं म्हणून सगळे माफ करतात. विनीतालाही ते कळलं. माफ करणं तिला जमलं नाही, आणि मला विचाराल तर जमायला नकोच होतं.

नोकरी गेली. वायरलेसवर ओंकार बसू लागला आणि वर्षभरात कंटाळून गोव्याला गेला. त्याच्या जागी आलेल्याने कंपनीला एक फोन केला आणि रंगांखाली अक्षरं आली. कृष्णाबाईची बाजारातली जागा बदलली. कुणी उठवली नाही, पण सुगंधाच्या शेजारी तिला बसवेना, ती गटाराच्या टोकाला जाऊन बसू लागली आणि तिथेच तिची शेवटची चार वर्षं गेली. दोघी पुन्हा बोलल्या नाहीत. कृष्णाबाई मेली तेव्हा अख्खी वाडी खांदा द्यायला आणि रडायला आली. सुगंधा आली नाही.

आता विनीताच्या हातात फोन असतो. तो मराठी वाचतो, कागद समोर धरला तर कागदही वाचतो, फोटोत कोण हसतंय तेही सांगतो. तालुक्यातल्या दोन-तीन आंधळ्या पोरांना ती घरी बसून तो वापरायला शिकवते. पहिल्या दिवशी ती त्यांना एकच सांगते. यंत्र कुठलंही घ्या, फुकट घ्या नाहीतर विकत घ्या, पण जे वाचायचं ते तुमच्या हातात राहू द्या, दुसऱ्याला वाचायला देऊ नका. पोरांना वाटतं बाई चिडकी आहे. चिडकी आहेच. तिची ती ओळ असलेला संगणक कधीच भंगारात गेला.

दोन वर्षांमागे सत्यवान निवृत्त झाला. आठवड्याभराने तो विनीताकडे आला, नऊ वर्षांनी पहिल्यांदा. हातात पेढ्यांचा पुडा होता. ओटीवर बसला, पाणी प्यायला, पावसाचं बोलला, नातवाचं बोलला. मग पुडा उगाच इकडचा तिकडे सरकवत राहिला.

"विनीता, थंय तूच लिवलेला होता," तो शेवटी म्हणाला. "मी वाचलंय. सायबाक सांगूक माझी जीभ उचलूक नाय."

"माका तेव्हाच ठाव होता, दादा. तुझे ओठ माका ऐकाक इले."

तो रडायला लागला. म्हातारी माणसं रडतात तसा, नाक ओढत, थांबत थांबत. म्हणाला की रात्री झोप लागत नाही, आता पेन्शनीचे कागद झाले, आता कुणाला भ्यायचं नाही, म्हणून आलो, माका माफ कर. विनीताने त्याला रडू दिलं. तिला वाटलं होतं की हे ऐकलं की छातीवरचं काहीतरी उतरेल. काही उतरलं नाही. हे वाक्य तिला माहीत होतं, तिला ऐकवून त्याचा काही उपयोग नव्हता.

"माका नको सांगू," ती म्हणाली. "सुगंधाक सांग. घराकडेच आसा ती. आताच जा."

सत्यवानाने पुडा तिच्याकडे सरकवला. मग म्हणाला, "जातंय."

तो उठला. विनीता ओटीच्या कडेला येऊन उभी राहिली. अंगणाच्या बाहेर पडलं की डावीकडे सुगंधाचं घर आणि उजवीकडे एसटीचा थांबा. त्याच्या चपला अंगणातून गेल्या, बेड्याशी, कुंपणाच्या फाटकाशी, थांबल्या, आणि तिने खांब घट्ट धरला. मग चपला उजवीकडे वळल्या. ती तशीच उभी राहिली, कदाचित मागे फिरेल म्हणून. पाच-दहा मिनिटांनी एसटी आली, थांबली आणि गेली.